पाणी, हवा आणि शेजारचा कारखाना: धोक्याची माहिती कुठे असते आणि ती कशी मागायची

नव्या गावात, नव्या सोसायटीत किंवा एमआयडीसीच्या कडेला राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरातच काही गोष्टी खटकू लागतात. पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. अपरात्री उग्र वासाने जाग येते आणि सकाळी मात्र हवा स्वच्छ असते. विचारलं तर शेजारी सांगतात, "इथं असंच असतं, सवय होईल."

सवय करून घेऊ नका. तुम्ही पिता त्या पाण्याची कुठल्यातरी प्रयोगशाळेत तपासणी झालेली असते. शेजारच्या कारखान्याला काय बनवायची, किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे, याची फाईल असते. यातला बहुतेक कागद कायद्याने तुम्हाला पाहता येतो, पण तो आपणहून घरी येत नाही. "आमच्याकडचं प्रदूषण थांबवा" असा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. "अमुक विहिरीच्या मे महिन्याच्या रासायनिक तपासणी अहवालाची प्रत द्या" या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं. नेमकं काय मागायचं ते कळावं, म्हणून हा लेख.

आधी एक वही ठेवा

तक्रारीच्या आधी नोंद हवी. तारीख, वेळ, वास किती वेळ टिकला, वारा कुठून होता (फोनवरच्या हवामानाच्या पानावर दिशा दिसते), घरात कोणाला काय झालं. वासाचं वर्णन साध्या शब्दांत लिहा: सडक्या अंड्यासारखा, नाकाडोळ्यांत झोंबणारा, नेलपॉलिशसारखा, पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असू शकतो, झोंबणारा अमोनियाचा, नेलपॉलिशसारखा द्रावकांचा (सॉल्व्हंटचा), तलावासारखा क्लोरीनचा. पक्कं निदान तपासणीतच होतं, पण तपास कुठून सुरू करायचा ते या वर्णनावरून ठरतं.

"वास येतो" हे वाक्य कोणताही अधिकारी बाजूला ठेवू शकतो. "मंगळवारी रात्री दोन ते साडेतीन, वारा पश्चिमेचा, तीन इमारतींतल्या लोकांना खोकला" ही नोंद कारखान्याच्या त्या रात्रीच्या नोंदवहीशी ताडून पाहता येते. चारपाच घरांनी वेगवेगळ्या वह्या ठेवल्या तर आणखी चांगलं.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार वाढलं की नाकाची वास ओळखण्याची ताकदच जाते. उग्र वास एकदम येईनासा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथून आधी बाहेर पडा.

पाणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सुरुवात पाण्यापासून करा, कारण इथे सामान्य माणसाला स्वतः सर्वात जास्त करता येतं.

खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीत जाऊन जलसुरक्षक कोण आहे ते विचारा. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकणं आणि नमुने पाठवणं हे काम त्याच्याकडे असतं. त्याला तीन गोष्टी विचारा. टीसीएल शेवटचं कधी आलं आणि कुठे ठेवलंय? उघड्या पोत्यात, ओलीत पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि मग नुसता चुना टाकल्यासारखं होतं. ओटी कधी घेतली? पाण्यात दोन थेंब औषध टाकून पिवळा रंग येतो का ते पाहायची ही तपासणी. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. टाकीजवळच्या नळाची ओटी घेऊन उपयोग नाही, वस्तीच्या टोकाच्या घरातली घ्या. तिसरा प्रश्न गावाच्या कार्डाचा. महाराष्ट्रात पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे साथीचा धोका मोठा. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे गावातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ग्रामसभेत उठून विचारायला हा प्रश्न फार चांगला, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं असतं.

शहरात असाल तर महापालिकेचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघताना सहसा ठीक असतं. बिघाड पुढे होतो. गळक्या जलवाहिनीशेजारून जाणारं गटार, वर्षानुवर्षं न धुतलेली सोसायटीची टाकी, आणि टँकर. टँकरवाल्याला पाणी कुठून भरतोस हे सोसायटीने लेखी विचारायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले. नांदेड गाव (जिल्हा नव्हे, सिंहगड रस्त्याजवळचं गाव), किरकटवाडी, धायरी ही नावं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. आपलं पाणी नेमकं कोणत्या विहिरीतून येतं आणि त्यात क्लोरीन कुठे मिसळतात, हा प्रश्न अनेक कुटुंबांना तेव्हा पहिल्यांदा पडला असेल. तुम्ही तो आजच विचारा.

आता तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि त्याखाली उपविभागीय पातळीवरही आहेत. जल जीवन मिशनमध्ये त्या सामान्य नागरिकालाही माफक शुल्कात खुल्या केल्या आहेत. जाण्याआधी फोन करून दोन वेगळ्या तपासण्या मागा: जैविक आणि रासायनिक. एक झाली म्हणून दुसरी झाली असं होत नाही. जंतू नसलेल्या पाण्यात फ्लोराईड असू शकतं, आणि उलटही.

नमुना घेताना बारीकसारीक गोष्टी निकाल बदलतात. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते. ती आतून धुऊ नका. तळाशी थोडी पांढरी पूड असली तर ती मुद्दाम टाकलेली असते, पाण्यातला क्लोरीन थांबवण्यासाठी. नळाची तोटी जाळी वगैरे काढून पुसून घ्या, लोखंडी किंवा पितळी असेल तर ज्योतीने तापवा, दोनतीन मिनिटं पाणी सोडून द्या आणि मग भरा. बाटलीच्या तोंडाला किंवा बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. वर थोडी जागा मोकळी ठेवा. बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत पोचवा, चोवीस तासांच्या पुढे तर नकोच. रासायनिक तपासणीला लिटर-दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली चालते. ती मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची. चिठ्ठीवर स्रोत, तारीख, वेळ आणि बोअर असेल तर खोली लिहा.

अहवाल हातात आला की घाबरायचं नाही आणि सुटकेचा श्वासही लगेच टाकायचा नाही. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मध्ये दोन रकाने असतात. पहिली स्वीकारार्ह मर्यादा. दुसरी, जवळपास दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा. अहवालावर "पिण्यास योग्य" असा शिक्का यातल्या कोणत्या रकान्यावरून मारलाय ते पाहा. पुढचे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा:

- ई. कोलाय: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. सापडला तर पाण्यात विष्ठा मिसळते आहे.
- नायट्रेट: लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यापुढे सवलत नाही.
- फ्लोराईड: १ मिलिग्रॅम, नाइलाज असेल तर १.५.
- एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस: ५००, नाइलाज असेल तर २०००.
- एकूण कठीणपणा: २००, नाइलाज असेल तर ६००.

लोक सर्वात जास्त घाबरतात ते शेवटच्या दोनांना, कारण ते दिसतात आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणारा माणूस खिशातल्या पेनासारख्या मीटरवर टीडीएसच दाखवतो. पातेल्यातला पांढरा थर कठीणपणाचा आहे. तो भांडी आणि गीझर खराब करतो, पण खरं भय त्या मीटरवर न दिसणाऱ्या गोष्टींचं आहे. नायट्रेटला ना रंग ना वास. उकिरडा, शेणखत, युरिया आणि शोषखड्डे यांतून ते भूजलात उतरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडतं. फ्लोराईड खडकातून येतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड जिल्ह्यांतल्या अनेक गावांत मुलांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी पट्टे आणि मोठ्यांचे आखडलेले सांधे त्याची साक्ष देतात. पुष्कळदा खोल बोअरमध्ये ते जास्त असतं आणि जुन्या उथळ विहिरीत कमी. म्हणून नवा बोअर घेतला की मोटर बसवण्याआधी फ्लोराईड तपासा.

हे वाक्य घरातल्या सगळ्यांना सांगा: उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराईड जात नाहीत, पाणी आटल्यामुळे उलट दाट होतात. आजारी बाळासाठी आई जास्त वेळ पाणी उकळत राहते, तेव्हा तिच्या काळजीचाच घात होतो. अशा पाण्याला दुसरा स्रोत शोधायचा किंवा आरओ बसवायचा.

हवा: आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

हवेचा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आणि 'समीर' ॲपवर फुकट दिसतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिखराब, त्यापुढे गंभीर. सगळ्या प्रदूषकांपैकी जो सर्वात वाईट, त्याचाच आकडा वर दिसतो. तो कोणता हे खाली लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. बहुतेक वेळा तो सूक्ष्म धूळ, पीएम २.५ किंवा पीएम १०, असतो.

"समाधानकारक" या शब्दावर विसंबू नका. त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी सुचवलेली पातळी १५ आहे. घरात दम्याचं मूल, गरोदर बाई किंवा हृदयरोगी असेल तर हिरव्या रंगाच्या दिवशीही रहदारीच्या रस्त्यावर सकाळचा व्यायाम टाळलेला बरा.

आणि रासायनिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं: निर्देशांकाच्या आठ प्रदूषकांत धूळ, नायट्रोजन आणि सल्फरचे डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं येतं. हायड्रोजन सल्फाइड, आम्लांची वाफ, टोल्युइनसारखी द्रावकं त्यात नाहीत. तुमचे डोळे चुरचुरत असताना ॲप "मध्यम" दाखवत असेल तर दोन्ही खरं असू शकतं. हवा मोजणारं केंद्र चारपाच किलोमीटर दूर असेल, किंवा जे झोंबतंय ते मोजलंच जात नसेल. अशा वेळी ॲपचा फोटो जोडून तक्रार करू नका, त्याने तुमचीच बाजू पडते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे त्या वासाच्या घटकासाठी वेगळी मोजणी मागा.

शेजारचा कारखाना

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट गळला, तेव्हा आसपासच्या वस्तीला आत काय साठवलंय आणि गळलं तर काय करायचं हे कोणी सांगितलेलं नव्हतं. लोक वायूबरोबर त्याच दिशेला पळाले. शेजाऱ्याला माहिती देण्याची सक्ती आपल्या कायद्यात त्यानंतर आली: १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती, १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम, १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम. इतक्या माणसांचा जीव गेल्यावर मिळालेला हा हक्क वापरला जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या शेजारी काय आहे ते असं शोधा.

फाटकावरचा फलक वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानुसार धोकादायक रसायनं आणि कचरा हाताळणाऱ्या कारखान्याने मुख्य फाटकाबाहेर रसायनांचा प्रकार, साठा, सांडपाणी आणि धुराचे आकडे लावायचे असतात. फलक नसेल, पुसट असेल किंवा आकडे जुने असतील तर तारखेसह फोटो काढा. सार्वजनिक रस्त्यावरूनच काढा, आत शिरू नका.

मग संमतीपत्र. अगदी कमी प्रदूषणाचे, पांढऱ्या गटातले कारखाने सोडले तर कारखान्याला राज्य मंडळाचं 'चालवण्यास संमती' पत्र लागतं आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ही पत्रं संकेतस्थळावर टाकतं. त्यात कारखाना प्रदूषणाच्या क्षमतेनुसार लाल, नारिंगी की हिरव्या अशा कोणत्या गटातला, उत्पादनाची कमाल मर्यादा, सांडपाणी किती आणि कुठे सोडायचं, चिमणीची उंची आणि पत्राची मुदत असते. मुदत संपलीय का, हे सर्वात आधी पाहा.

डोंबिवलीकरांना हे सगळं फार महागात कळलं. २०१४ मध्ये हिरवा पाऊस, २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता हे सगळ्या राज्याने फोटोत पाहिलं. मे २०१६ आणि मे २०२४ मधल्या स्फोटांत माणसं गेली, आणि काचा फुटल्या त्या कित्येक इमारती दूरपर्यंत. दिसणारा रंग लोकांनी आधी टिपला. आतला साठा मात्र फक्त कागदावर होता.

मोठ्या धोक्याच्या कारखान्यासाठी कुंपणाबाहेरची आपत्कालीन योजना जिल्हा प्रशासनाकडे असते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय (याला सगळे 'डिश' म्हणतात) आणि जिल्हा संकट गट यांच्याकडे तिची चौकशी करा. तुमची गल्ली त्या योजनेत येते का? भोंगा कसा वाजतो, धोका टळल्याचा भोंगा वेगळा कसा ओळखायचा? मागची रंगीत तालीम कधी झाली, तिच्यात रहिवाशांना बोलावलं होतं का? या प्रश्नांची उत्तरं सोसायटीच्या फलकावर लागायला हवीत.

वायू सुटलाच तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवे जा. बाहेर पडणं शक्य नसेल तर दारं-खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे बंद करा, फटींत ओली फडकी घाला, नाकातोंडावर ओला रुमाल धरा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो तळघरात आणि खोलगट भागात साठतो. अशा वेळी वरचा मजला बरा. काडी ओढू नका. ११२ ला फोन करा.

नवा प्रकल्प येत असेल तर

पर्यावरणावरच्या परिणामांचा आधी अभ्यास करायला लावणाऱ्या १४ सप्टेंबर २००६ च्या (ईआयए) अधिसूचनेखाली मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची जाहिरात निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक मराठी असतं. या अभ्यासाच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि स्थानिक संस्थेत वाचायला ठेवतात. सारांश पुरे समजू नका; पूर्ण मसुदा मागा आणि त्यातली तीनच प्रकरणं वाचा: पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, आपत्ती आली तर काय. सुनावणीला गणपूर्तीची अट नसते, म्हणजे गावातून चार माणसं आली तरी ती झाली असं धरतात. म्हणून जाणं महत्त्वाचं. बोलायला भीती वाटत असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच उभं राहून नोंदवायला लावा.

माहिती अधिकाराचा अर्ज

वरच्या मार्गांनी कागद मिळाला नाही, तरच अर्ज करा. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरून तो करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. एका अर्जात एकच विषय, आणि साधारण १५० शब्दांत. "का", "योग्य आहे का" असे प्रश्न विचारू नका. त्यांना उत्तर नाकारता येतं, कारण कायदा कागद देतो, मत देत नाही. मजकूर असा ठेवा:

"अमुक कारखान्यास दिलेल्या चालवण्यास संमती पत्राची सध्याची प्रत, १ जानेवारीपासून आजपर्यंत त्या कारखान्याच्या सांडपाण्याचे आणि चिमणीचे जे नमुने घेतले त्यांच्या विश्लेषण अहवालांच्या प्रती, याच काळात दिलेल्या कारणे दाखवा नोटिसांच्या प्रती, आणि संबंधित फाईलची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी."

फाईलची पाहणी मागायला विसरू नका. प्रतींमध्ये न दिलेला एखादा शेरा फाईलच्या समासात सापडतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत, पण तसं अर्जावर सकारण लिहावं लागतं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. "व्यापारी गुपित आहे" असं उत्तर आलं तर अपिलात लिहा की मोठं सार्वजनिक हित असेल तर ती माहिती देता येते, असं त्याच कायद्यात आहे.

अफवा आणि खरी बातमी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. आधी बोट पाण्याकडे गेलं, कारण तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले होते. मग शाम्पू, मग बुरशी, मग सेलेनियम. पाण्यात नायट्रेट जास्त होतं हे खरंच होतं आणि ते स्वतंत्रपणे गंभीर होतं. पण एखादी वाईट गोष्ट सापडली म्हणजे समोरच्या आजाराचं कारण सापडलं असं होत नाही. तुमच्या गटावर असा संदेश आला तर चार गोष्टी पाहा: नमुना कुठला, कधीचा, कुठल्या प्रयोगशाळेने तपासला, आणि काय काय तपासलंच नाही. यातलं काही नसेल तर पुढे पाठवू नका. आजारी माणसं मात्र लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. एकाच वस्तीतले तीनचार जुलाबाचे रुग्ण एकत्र नोंदले गेले तरच ती साथ म्हणून दिसते. प्रत्येक जण वेगळ्या खासगी दवाखान्यात गेला तर ती कुठेच दिसत नाही. हे काम आशाताईंना सर्वात आधी सांगावं.

अहवाल वाईट आला तर त्याच दिवशी बाळांचं आणि गरोदर बायकांचं पाणी बदला. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) किंवा प्रभाग कार्यालयाला अहवालाची प्रत जोडून लेखी कळवा, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या, आणि दोन्हीवर पोचेचा शिक्का घ्या. दुरुस्ती झाल्यावर त्याच नळाचा, त्याच पद्धतीने पुन्हा नमुना द्या. महिने उलटूनही काही हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. आपल्याकडचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात बसतं. तिथे पर्यावरणाच्या तंट्याचा अर्ज प्रसंग घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो आणि नुकसानभरपाईचा पाच वर्षांत. उशिराचं पटेल असं कारण दिलं तर दोन्हीत आणखी ६० दिवस मिळतात. तक्रारीच्या पोचपावत्या सांभाळताना ही सहा महिन्यांची मुदत कधी संपते, तेवढी तारीख आजच काढून ठेवा.